अंगी लागणारा योग: नवख्यांसाठी पहिले तीन महिने

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर एक प्लास्टिकची खुर्ची कायम ठेवलेली असते. योगासनं शिकायला कुणी नवीन आलं, की सतरंजीवर बसवायच्या आधी मी त्यांना त्या खुर्चीवर बसवते. हात छातीवर आडवे घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी आल्या, वय अठ्ठेचाळीस. सातव्यांदा उठताना त्यांचा हात नकळत मांडीवर टेकला आणि श्वास छातीतच अडकला. "गुडघे गेलेत हो माझे," म्हणाल्या. डॉक्टरांनी मात्र गुडघ्यांपेक्षा मांड्यांकडे बोट दाखवलं होतं. मांडीच्या स्नायूंत जोर उरला नाही, की उठता-बसताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवरून त्या बारा वेळा उठल्या, आणि श्वास एकदाही अडकला नाही.

योगाचा शरीराला होणारा फायदा असा असतो. तो फोटोत दिसत नाही. जिना चढताना, पिठाचा डबा उचलताना, अ‍ॅक्टिव्हा स्टँडवर लावताना तो कळतो. आणि तो मिळवायला पाय डोक्यामागे न्यावा लागत नाही. रोज अर्धा तास, श्वास कुठेही न अडखळता, आपल्या अंगाला जमेल तेवढं करायचं. माझा भर शेवटपर्यंत श्वासावरच राहील, कारण नवख्या माणसाला आपण जास्त करतोय की कमी, हे सांगणारं दुसरं साधन नाही.

हे मी ठामपणे सांगते त्याला कारण आहे. बँकेच्या काउंटरवर तेवीस वर्षं बसून माझी कंबर धरली होती. एकोणपन्नासाव्या वर्षी एका मोठ्या हॉलमधल्या वर्गात नाव घातलं. चौथ्याच दिवशी पाय लांब करून पुढे वाकवताना शिकवणाऱ्याने मागून पाठीवर दाब दिला. कंबरेत कळ गेली आणि पुढचे तीन आठवडे मला कूस बदलताना पलंगाची कड धरावी लागत होती. त्यानंतर वर्षभर मी योगाचं नाव घेतलं नाही. पुन्हा सुरू केलं ते घरी, हळू, श्वास मोजत. आज नऊ वर्षं झाली. तुमच्या वाट्याला ते तीन आठवडे येऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी वही उघडा

तीन आकडे लिहून ठेवा. पहिला खुर्चीचा: अर्ध्या मिनिटात किती वेळा उठलात. दुसरा एका पायाचा: भिंतीजवळ उभं राहून, आधार न घेता, एका पायावर किती सेकंद राहता येतं. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, बहुतेकांचा एक पाय कच्चा असतो. तिसरा श्वासाचा: पाच मिनिटं शांत बसल्यावर एका मिनिटात किती श्वास होतात. निवांत बसलेल्या निरोगी मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 होतात. ब्लड प्रेशर किंवा साखर असेल तर तेही आकडे तारखेसकट लिहा.

योगाला असं मोजमापाने पाहणं ही आपल्या बडोद्याची जुनी गोष्ट आहे. डभोईला 1883 साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, 1907 ते 1910 या काळात इथल्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे त्यांनी योग शिकला. गुरूवर श्रद्धा पूर्ण होती, तरी या क्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं हे डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून 1920-21 मध्ये बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, आपल्याच विद्यार्थ्यांच्या मदतीने, त्यांनी योगक्रियांची तपासणी सुरू केली. त्यांची योगसंस्था, लोणावळ्याचं कैवल्यधाम, त्यानंतर 1924 मध्ये उभं राहिलं. मराठी माणसाने आपल्या गावात केलेलं हे काम आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. तुमची वही हा त्याच कामाचा घरगुती तुकडा समजा.

डॉक्टरांना कधी विचारायचं

अंगात काही दुखणं नसेल तर इथे सांगितलेली आसनं करायला चिठ्ठी लागत नाही. पण पुढच्यांपैकी काही असेल तर आधी विचारा: हृदयाचा त्रास, गोळ्या घेऊनही चढलेलं ब्लड प्रेशर, काचबिंदू, हर्निया, गेल्या वर्षभरातलं पोटाचं ऑपरेशन, मणक्यातली चकती सरकलेली, कंबरेपासून पायात उतरणारी कळ, हाडं ठिसूळ झालेली, आणि अर्थातच गरोदरपण. यांत योग बंद नसतो, आसनं बदलतात. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली आणि अंग वर अशी कोणतीही स्थिती घ्यायची नाही, त्यात डोळ्यातला दाब वाढतो. चकतीचा त्रास असणाऱ्यांना आणि ठिसूळ हाडांच्या आजी-आजोबांना पुढे खोल वाकणं वर्ज्य.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम सुटला की लगेच तोंडात टाकायची. आणि एक विनंती हात जोडून: योग सुरू केला म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आकडे सुधारले तर डॉक्टरच डोस कमी करतील.

जागा, वेळ, कपडे

याचा फार बाऊ करू नये. पायजमा किंवा सैल सलवार, अनवाणी पाय, आणि घसरणार नाही अशी जाड सतरंजी. नुसत्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून खाली जुनी रबरी चटई घाला किंवा बाजारातली योगा मॅट आणा. एक घट्ट उशी आणि एक टॉवेल जवळ असू द्या, दोन्ही पुढे लागतील.

पोट रिकामं हवं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास, चहा-बिस्किटानंतर तासभर. रविवारी फाफडा-जिलेबी आणायला जायचं असेल तर आधी आसनं, मग दुकान. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो तेव्हा सकाळी सहाच्या आत उरका, गच्चीची फरशी सात वाजता तापायला लागते. सकाळी अंग आखडलेलं असतं हेही लक्षात ठेवा. तेच आसन संध्याकाळी जास्त सहज होतं, म्हणून सकाळी करताना संध्याकाळची बरोबरी करू नये.

पहिली पायरी: पोटावरची वाटी (पहिला आठवडा)

पहिल्या आठवड्यात एकही आसन नाही. लोकांना हे आवडत नाही, पण मी सोडत नाही.

उताणं झोपा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. बेंबीच्या थोडं वर स्टीलची आमटीची वाटी ठेवा. एक हात छातीवर. आता नाकाने श्वास घ्या आणि वाटीकडे पाहा. श्वास आत येताना वाटी वर यायला हवी आणि छातीवरचा हात जवळपास स्थिर राहायला हवा. बरेच जण पहिल्या दिवशी उलटं करतात: छाती फुगते, खांदे कानाकडे जातात आणि वाटी आत बुडते. वर्षानुवर्षं खुर्चीत पोक काढून बसल्याने आणि पोट आत ओढून फिरण्याने ही सवय लागते.

फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक पातळ स्नायू आहे, श्वासपटल. तो खाली सरकला की फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा जाते आणि पोट पुढे येतं. तो नीट वापरला नाही तर मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वास ओढायचं काम करत राहतात, मग संध्याकाळी मान धरते. वाटी नीट हलायला लागल्यावर मान मोकळी झाल्याचं मला कितीतरी जणांनी सांगितलं आहे.

दोन-तीन दिवसांत वाटी वर-खाली व्हायला लागली की मोजायला लागा. घेताना तीन, सोडताना चार. आठवड्याच्या शेवटी चार आणि सहा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. म्हणून सोडणं लांबवलं की ठोके निवांत होतात. चार-सहाच्या मोजणीने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, आणि या गतीला शरीराची ब्लड प्रेशर सांभाळणारी यंत्रणा जास्त चांगला प्रतिसाद देते हे संशोधनात दिसलं आहे. छाती दडपल्यासारखी वाटली, हवा पुरत नाही असं झालं, तर मोजणं सोडून नेहमीचा श्वास घ्या. आपण इथे श्वास रोखत नाही. कुंभक हा नवख्यांचा विषय नाही.

रोज दहा मिनिटं, सात दिवस. घरात झोपाळा असेल तर दुपारी त्यावर बसूनही हा श्वास करता येतो. फक्त झोका बंद ठेवा.

दुसरी पायरी: उभ्याने (दुसरा आणि तिसरा आठवडा)

ताडासन सगळ्यात सोपं समजलं जातं आणि सगळ्यात वाईट केलं जातं. पावलांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच, या तीन ठिकाणी सारखा भार आहे का ते पाहा. जुन्या चपलेचा तळ उलटा करून बघा, तो ज्या बाजूने झिजलाय तिकडे तुमचा भार जातो. मग गुडघ्याच्या वाट्या हलकेच वर ओढा, माकडहाड खाली, हनुवटी किंचित आत. श्वास घेत हात वर, सोडत खाली. पाच वेळा. टाचा उचलणं दुसऱ्या आठवड्यात नको.

त्यानंतर अर्धं उत्कटासन, म्हणजे खुर्चीवर बसायला निघाल्यासारखं अर्ध्यात थांबणं. मागे खरी खुर्ची ठेवा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेतच राहू द्या, आत वळू देऊ नका. तीन श्वास थांबा आणि उठा. असं पाच वेळा. मांड्या थरथरतील, ते चालतं. गुडघ्यात टोचलं तर कमी वाका. वहिनींना ज्याने उठायला बळ आलं ते हे आसन.

तिसरं वृक्षासन. भिंतीला एक हात लावून, दुसऱ्या पायाचा तळवा आधी घोट्याशी, मग पोटरीवर. थेट गुडघ्यावर कधीच टेकवू नका. समोर एका जागी नजर लावा. तोल सांभाळताना घोट्यातले छोटे स्नायू सतत काम करतात, आणि पाय जमिनीवर कसा आहे याची खबर मेंदूला पोचवणारी व्यवस्था तरतरीत राहते. साठीनंतर पडून खुब्याचं हाड मोडणं किती महागात पडतं हे घरोघर ठाऊक आहे. आमच्या गच्चीवरचे बहात्तर वर्षांचे काका पहिल्या दिवशी चार सेकंद उभे राहिले होते. आता ते दात घासताना एका पायावर उभे राहतात, एक हात बेसिनला.

तिसरी पायरी: जमिनीवर (चौथ्या आठवड्यापासून)

इथे घाई नको. पाच आसनं आहेत आणि क्रम असाच ठेवा.

मार्जारासन. हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली, गुडघ्यांखाली टॉवेलची घडी. श्वास सोडताना पाठ कमानीसारखी वर, घेताना हलकेच खाली. आठ वेळा. कंबर धरलेल्या माणसाने पलंगावरून उठल्यावर एवढं जरी केलं तरी सकाळ सुसह्य होते.

भुजंगासन. बहुतेक जण इथे चुकतात. पालथं झोपा, तळहात छातीच्या बाजूला, कोपर अंगाजवळ. आता हातांवर अजिबात जोर न देता छाती उचला. चार बोटं उचलली गेली तरी पुरे. तळहात क्षणभर जमिनीवरून सोडून बघा. छाती तेवढीच वर राहिली तर काम पाठीचे स्नायू करत आहेत. धप्पकन खाली आली तर तुम्ही हातांनी अंग ढकलत होता आणि वाक सगळा कंबरेच्या एका सांध्यावर येत होता. दिवसभर पुढे झुकून भाजी चिरणाऱ्या, फोन बघणाऱ्या, संगणकावर बसणाऱ्या पाठीला उलट बाजूने मिळणारं हे काम अमोल आहे. तीन श्वास, तीन वेळा.

अर्ध शलभासन. तसंच पालथं, एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर वर. कुल्ल्यांचे आणि कंबरेचे स्नायू बळकट होतात.

सेतुबंधासन. उताणं, गुडघे वाकवून, तळपायांनी जमीन दाबत कंबर वर. मान वळवायची नाही, नजर छताकडे. पाच श्वास, तीन वेळा.

शेवटी पवनमुक्तासन. एकेक गुडघा छातीशी, मग दोन्ही. डोकं उचलू नका, मानेखाली टॉवेल घ्या. पोटात वायू धरत असेल तर इथे मोकळं वाटतं.

ताणायच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे कुणी कितीही आग्रह केला तरी तुम्ही स्वतःला जपाल. स्नायूच्या आत ताण ओळखणारे बारीक धागे असतात. स्नायू झटक्यात ताणला की ते धागे धोक्याची खबर देतात आणि तोच स्नायू स्वतःला आवळून घेतो. उसळ्या मारत वाकणारा माणूस स्वतःच्याच स्नायूशी भांडत असतो. त्याउलट हळूहळू जाऊन, ताण गोड वाटेल तिथे थांबून, चार-पाच लांब श्वास सोडले की पकड सैल होते आणि पुढची दोन बोटं आपोआप मिळतात. मला मागून दाबलं गेलं तेव्हा माझी पाठ हेच सांगत होती. कुणीही तुमच्या पाठीवर दाब द्यायला आलं तर "नको" म्हणा, मग ते कितीही मोठे गुरुजी असोत.

ओढ आणि दुखणं यांतला फरक ओळखायला शिका. स्नायूच्या मधोमध पसरणारा, श्वास सोडला की कमी होणारा तो ताण. सांध्यात एका बिंदूला टोचणारी, वीज गेल्यासारखी किंवा मुंग्या आणणारी ती कळ. कळ आली की तिथेच थांबायचं, हळू बाहेर यायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते आसन निम्मं करायचं.

जेवणानंतर वज्रासनात अर्धा-अर्धा तास बसायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. गुडघा दुखरा असेल तर वज्रासन नकोच. बाकीच्यांनीही पायांमध्ये उशी घेऊन दोन ते पाच मिनिटं बसावं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस फार वेळ दाबली गेली तर पाऊल बधिर होतं, क्वचित काही दिवस उचलतही नाही. मुंग्या आल्या की उठायचं.

चौथी पायरी: शवासन

पाच मिनिटं, न चुकता. गुडघ्यांखाली उशी घेतली की कंबर जमिनीला टेकते. हिवाळ्यात अंगावर शाल घ्या, स्वस्थ पडल्यावर अंग लवकर गार पडतं. उठताना आधी कुशीवर, मग हाताचा आधार घेऊन. ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणारा माणूस झटकन उठला तर घेरी येऊ शकते.

दुसऱ्या महिन्यात काय वाढवायचं

वेळ वीस मिनिटांवरून तीस-पस्तीस करा. वक्रासन, म्हणजे बसून पाठीला पीळ देणं, घ्या, पण पिळा खांद्यांपासून न देता बेंबीपासून सुरू करा. नाडीशोधन, म्हणजे एका नाकपुडीने घेऊन दुसऱ्या नाकपुडीने सोडणं, पाच मिनिटं. सर्दी असेल त्या दिवशी नको. भ्रामरी सहा-सात वेळा: ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजार. गुणगुणताना नाकाच्या पोकळ्यांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर येतो, हे मोजून पाहिलं गेलं आहे. झोपायच्या आधी भ्रामरी करणाऱ्यांना झोप लवकर लागते, हा मात्र आमच्या गच्चीचा अनुभव.

कपालभाती विचारल्याशिवाय राहत नाहीत लोक. पहिल्या तीन महिन्यांत नको. ब्लड प्रेशर, हृदय, हर्निया, काचबिंदू, फिट्स यांपैकी काही असेल तर पुढेही नको. टीव्हीवर बघून सकाळी उठल्या-उठल्या पाचशे स्ट्रोक मारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची काळजी वाटते म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिते.

फायदा कधी, कुठे दिसतो

पहिल्या दोन आठवड्यांत झोप आणि मान. महिन्याभरात सकाळचा आखडलेपणा. सहा ते आठ आठवड्यांत मांड्यांचा जोर, तोल, जिना. कंबरदुखी जुनी असेल तर दोन-तीन महिने धीर धरा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने 2017 मध्ये जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी जे उपाय करून पाहायला सांगितले, त्यांत योग आहे. म्हणजे हे नुसतं आमचं घरचं मत नाही. दुखणं पूर्ण जातंच असं नाही, पण वाकणं, बसणं, झोपणं सोपं होतं. ब्लड प्रेशर थोडं उतरतं, साखरेलाही हातभार लागतो. गोळीची जागा घ्यावी इतका मोठा तो फरक धरू नका.

वजनाबद्दल खरं सांगायला हवं. अशा संथ आसनांत फार उष्मांक खर्च होत नाहीत. जे वजन उतरतं ते बरेचदा झोप सुधारल्याने, संध्याकाळी शेव-उसळीची दुसरी प्लेट नको वाटल्याने. हृदयासाठी चालणं वेगळं हवंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस कमाटी बागेत अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा गतीने. बाकड्यावर बसून बाकीच्यांना सल्ला देण्यात गेलेली मिनिटं धरायची नाहीत. आसनं त्याच्या जोडीला. आणि अमुक आसनाने थायरॉइड बरा होतो, तमुकने मूतखडा विरघळतो, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे शिकायला जाऊ नका.

दर चार आठवड्यांनी वही काढून तेच तीन आकडे पुन्हा घ्या. आकडा वाढला नाही तर आठवड्यात किती दिवस चुकले ते मोजा. आठवड्याला एकदा दोन तास करण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं अंगी लागतात, आमच्या वह्या हेच दाखवतात.

शिक्षक निवडताना

वर्गात जायचं असेल तर आधी एक दिवस नुसतं बसून बघा. नवीन माणसाला दुखण्यांबद्दल विचारतात का? तीस जणांत मागच्या रांगेतल्या आजींकडे लक्ष जातं का? "अजून, अजून" म्हणतात की "पुरे" म्हणतात? भिंत, खुर्ची, उशी वापरायला देतात का? माझ्या लेखी शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण जो खुर्ची देतो त्याने आधी समोरच्या माणसाकडे पाहिलेलं असतं.

आणि नवरात्र

बडोद्यात राहून गरब्याशिवाय हे लिहिणं पुरं व्हायचं नाही. वर्षभर खुर्चीत बसलेली माणसं नऊ रात्री तीन-तीन तास फेऱ्या घेतात आणि अष्टमीपर्यंत निम्म्यांच्या पोटऱ्यांत गोळे, टाचांत कळा. घटस्थापनेच्या आठ आठवडे आधी उत्कटासन, वृक्षासन आणि सेतुबंधासन नेमाने सुरू करा. शेवटचे चार आठवडे ताडासनात टाचा उचलून पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. गरब्यात गिरकी घेताना पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि वरचं अंग फिरतं, तिथे गुडघा पिळवटतो, म्हणून आधी पाऊल उचला, मग वळा. मध्यरात्री घरी आलात की पाणी प्या, आणि काचबिंदू नसेल तर भिंतीला पाय उभे लावून पाच मिनिटं उताणं पडा, चार-सहाचा श्वास मोजत. दुसऱ्या दिवशी सकाळी आसनांना सुट्टी, फक्त पोटावरची वाटी.